परसातील कोंबड्यांचे पायाचे विकार : ओळख आणि उपचार

मध्य प्रदेशातील धार आणि झाबुआ हा कडकनाथ या काळ्या कोंबडीचा मूळ प्रदेश. २०१८ मध्ये झाबुआच्या कडकनाथाच्या मांसाला भौगोलिक मानांकन मिळाले. देवास जिल्ह्यातील उदयनगरसारख्या डोंगराळ, आदिवासीबहुल भागातही परसातील चार-पाच कोंबड्या म्हणजे अडीअडचणीला हाताशी असलेली पुंजी होय. अशा घरी एखादी कोंबडी लंगडू लागली, की तिच्याबरोबर इतरांचीही चिंता उभी राहते. लंगडण्याची काही कारणे घरच्या शुश्रूषेने दूर होतात. काही मात्र सारे खुराडे रिकामे करू शकतात. म्हणूनच उपचाराआधी कारण ओळखणे अगत्याचे ठरते.

तपासणी : कोंबडी रात्री दांडीवर बसली, की शांतपणे हाती येते. प्रथम बोटांना दोरा किंवा केस गुंडाळला आहे का, ते पाहावे. असल्यास जपून कापून काढावा. नंतर तळपाय, नडगी आणि सांधे चाचपावेत. कडकनाथाची कातडी काळी असल्याने लाली डोळ्यांना दिसत नाही. त्यामुळे दोन्ही पायांना हात लावून ऊब आणि सूज यांतील फरक जोखावा.

तळपायाचा गळू : काटा, खडा किंवा उंचावरून उडी यांमुळे झालेल्या जखमेत जिवाणू शिरतात, तळव्याला सूज येऊन मध्यभागी काळी खपली धरते. कोमट मिठाच्या पाण्यात पाय १० ते १५ मिनिटे बुडवून कोरडा करावा, पोव्हिडोन आयोडीन लावून स्वच्छ पट्टी बांधावी आणि ती रोज बदलावी. कोंबडी कोरड्या, मऊ जागी ठेवावी. हे करताना हातमोजे घालावेत, कारण हे जिवाणू माणसालाही बाधतात. आत घट्ट गाठ असल्यास ती घरी कापू नये. ते काम पशुवैद्यकाचे आहे.

पायांची खरूज : सूक्ष्म किडे खवल्यांखाली शिरतात, खवले उचलले जाऊन त्यांवर पांढरट पापुद्रे साचतात. पाय कोमट साबणपाण्याने भिजवून मऊ ब्रशने साफ करावेत आणि व्हॅसलीन किंवा खाद्यतेल चोपडावे. हा उपचार काही आठवडे चालू ठेवावा. सर्व कोंबड्यांचे पाय तपासून दांड्याही स्वच्छ कराव्यात. रॉकेल लावण्याची रीत टाळावी. त्याने कातडी भाजते.

आहारातील उणीव : पिल्लांची बोटे आत वळणे हे बहुधा ब-२ जीवनसत्त्वाच्या अभावाचे लक्षण असते, वेळीच पाण्यातून जीवनसत्त्वे दिल्यास सुधारणा होते. चुना, स्फुरद वा ड जीवनसत्त्व कमी पडल्यास हाडे मऊ होतात. अंडी देणाऱ्या कोंबड्यांना शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा. त्यांचे चुनायुक्त खाद्य मात्र पिल्लांना देऊ नये. त्याने मूत्रपिंडांना अपाय होतो.

धोक्याची लक्षणे : एक पाय पुढे आणि एक मागे ताणून पडलेली तरुण कोंबडी मरेक या विषाणूजन्य रोगाची असू शकते. त्यावर औषध नाही. लस पिल्लू एक दिवसाचे असतानाच टोचावी लागते. लुळेपणासोबत मान वाकडी होणे आणि हिरवट हगवण दिसल्यास मानमोडीची शंका घ्यावी. अशी कोंबडी तत्काळ वेगळी करून पशुवैद्यकाला कळवावे. तिची विक्री करू नये आणि मेल्यास खोल पुरावी.

प्रतिबंध : बसण्याची दांडी गोल कडांची, सुमारे ५ सेंटिमीटर रुंद आणि बेताच्या उंचीवर असावी. पावसाळ्यात भाताचे तूस वारंवार हलवून कोरडे ठेवावे आणि भिजलेले काढून टाकावे. औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच द्यावे आणि अंडी किती दिवस खाऊ नयेत, हे त्याच वेळी विचारून घ्यावे. आठवड्यातून एकदा प्रत्येक कोंबडीचे पाय हातात घेऊन पाहिल्यास बहुतेक दुखणी वाढण्याआधीच लक्षात येतात.