‘तोच हा’ : एक दरोडा आणि ओळखीचा पुरावा

मंडळी, राहुरीत बोलतोय, म्हणून वस्तीपासून सुरुवात करतो. गावापासून लांब, उसाच्या कडेला एकटं घर. रात्री कुत्रं भुंकायला लागलं की घरातलं माणूस उठून बसतं. ही भीती इथं कुणाला समजावून सांगायला नको. शेजारच्या नाशिक जिल्ह्यात ५ जून २००३ च्या रात्री शेतातल्या अशाच एका घरावर दरोडा पडला. पाच जण मारले गेले, बाईमाणसांवर अत्याचार झाले. आई आणि एक मुलगा जखमी होऊन वाचले. खटल्याचा सगळा डोलारा उभा राहिला तो या दोघांच्या डोळ्यांवर.

भटक्या जमातीतले सहा मजूर पकडले गेले. २००६ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवली, तिघांना जन्मठेप दिली. ३० एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांनाही पुन्हा फाशीच दिली. त्या सहांतला एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हे त्यानंतर सिद्ध झालं!

आता थोडं तत्त्वज्ञान, सवय आहे, चालवून घ्या. आपण ‘प्रत्यक्षदर्शी’ म्हणतो आणि तिथेच थांबतो. नैयायिक थांबत नाहीत. समोरचा माणूस दिसणं हे प्रत्यक्ष. पण ‘त्या रात्रीचा तो म्हणजेच हा’ असं म्हणणं ही प्रत्यभिज्ञा. तिच्यात डोळ्यांइतकंच काम स्मृतीचं असतं. डोळे शाबूत असतील, साक्षीदार अगदी प्रामाणिक असेल, तरी ‘तोच हा’ चुकू शकतं. स्मृतीवर नंतरचे चेहरे चढत जातात. फोटो, पोलीस ठाण्यातली गडबड, मग कोर्टातला आरोपीचा पिंजरा. दर वेळी खात्री वाढते, आणि खात्री वाढली म्हणजे खरेपणा वाढला असं ऐकणाऱ्याला वाटतं. म्हणून तर ओळख परेड घेतात: संशयिताला त्याच्यासारख्या दिसणाऱ्या इतरांत उभं करायचं आणि साक्षीदाराला निवडू द्यायचं. परेड हा मुख्य पुरावा नव्हे. कोर्टातली ओळख मुख्य, परेड तिला आधार देणारी.

या खटल्यात मात्र परेडच्या कितीतरी आधी एक गोष्ट घडली होती. घटनेनंतर दोनच दिवसांनी, ७ जूनला, त्या माउलीला पोलिसांच्या अल्बममधले फोटो दाखवले गेले. तिने चार जण ओळखले. त्या चौघांत या सहांपैकी एकही नव्हता, आणि त्या चौघांवर खटला झालाच नाही. स्मृती सर्वांत ताजी असतानाची ही ओळख बाजूला राहिली आणि नंतरच्या ओळखीवर सहा फाशी उभ्या राहिल्या. दरोड्याच्या गुन्ह्यात हे फार जड जातं. तेव्हा लागू असलेल्या भारतीय दंड विधानाच्या कलम ३९६ प्रमाणे टोळीतल्या एकाने खून केला तरी टोळीतले सगळे जबाबदार ठरत. म्हणजे ‘हा तिथं होता’ एवढं ठरलं की बाकी सगळं आपोआप ठरतं.

मग भटकेच का सापडले? १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मालाच गुन्हा ठरवलं होतं. तो कायदा १९५२ मध्ये गेला. नजर गेली का, ते तुम्हीच आपल्या गावात बघा. पाल पडलं की पहिली शंका कुणावर जाते?

२०१८ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने पुनर्विलोकनासाठी हे प्रकरण पुन्हा उघडलं. ५ मार्च २०१९ रोजी न्यायमूर्ती सिक्री, नझीर आणि शहा यांच्या खंडपीठाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. साक्षीदार तेच, कागद तेच. या वेळी अल्बममधल्या त्या ओळखीला तिचं वजन मिळालं, आणि आरोपी गरीब भटके मजूर असल्याने खोटं गोवलं जाण्याची शक्यताही न्यायालयाने बोलून दाखवली. प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई राज्याने द्यायची होती. माझ्या मते २००९ चा निकाल वाचूनच मग हा वाचावा. दोन्ही शेजारी ठेवले की अंगावर काटा येतो. मधे जवळजवळ १६ वर्षं गेली होती.

त्या आईचं काय, हा प्रश्न उरतोच. तिने पहिल्यांदा बोट ठेवलं त्या चौघांचा पुढे तपास का झाला नाही, म्हणून न्यायालयाने तपास यंत्रणेवर ताशेरे ओढले आणि कसूर करणारे अधिकारी शोधायला राज्याच्या गृहखात्याला सांगितलं. पाच खुनांना मात्र निकालानंतर गुन्हेगार उरला नाही.