नदीजल संनियंत्रण, बिनतारी
नदीत ठिकठिकाणी संवेदक बसवून पाण्याची स्थिती रेडिओलहरींनी सतत कळवणारी पद्धत. सामू, तापमान, गढूळपणा, विद्युतवाहकता व विरघळलेला ऑक्सिजन जागेवरच मोजता येतो. जैवरासायनिक ऑक्सिजन मागणीला मात्र प्रयोगशाळेत २७° से. तापमानाला ३ दिवस लागतात. भिवंडीच्या कामवारी नदीला अशा जाळ्याची खरी निकड आहे. यंत्रमागांच्या या शहरात डाइंग-सायझिंगचे सांडपाणी रात्री सोडले, तर सकाळी भरलेल्या बाटलीत ते सापडेलच असे नाही. नदी वसईच्या खाडीला मिळते, त्यामुळे भरतीच्या खाऱ्या पाण्याने वाहकता चढते; भरती-ओहोटीची वेळ न पाहता हा आकडा वाचू नये. संवेदकाच्या टोकावर काही दिवसांत बुळबुळीत थर बसतो. तो वेळच्या वेळी पुसला नाही, तर ऑक्सिजनचे माप चुकते.