उद्योगनियंत्रण, युद्धकालीन

युद्धासाठी लागणाऱ्या मालाचा पुरवठा अखंड राहावा व नागरी टंचाई आटोक्यात यावी, म्हणून शासनाने खाजगी उत्पादकांवर घातलेली बंधने. कारखान्याची मालकी खाजगीच राहते. मात्र काय, किती व कोणत्या दराने विकावयाचे, याचा निर्णय सर्वस्वी मालकाकडे राहत नाही. भारतात अशा नियंत्रणाची व्यापक यंत्रणा दुसऱ्या महायुद्धात उभी राहिली.

सप्टेंबर १९३९ मध्ये भारत संरक्षण अधिनियम संमत झाला. त्याखालील नियमावलीच्या ८१ व्या नियमाने उत्पादन, साठा, वाहतूक, वाटप व किंमत यांचे नियमन करण्याचा अधिकार सरकारला मिळाला. १९४० मध्ये जादा नफ्यावर ५० टक्के कर बसला. पुढील वर्षी तो ६६⅔ टक्के झाला. परंतु कापडगिरण्यांच्या बाबतीत सरकार बराच काळ मोठा खरेदीदार म्हणूनच वावरले.

मुंबईतील अनेक गिरण्या ज्या विजेवर चालत, तिचे उगमस्थान तत्कालीन कुलाबा (१९८१ पासून रायगड) जिल्ह्यात होते. टाटा समूहाची जलविद्युत् केंद्रे खालापूर तालुक्यात खोपोली येथे १९१५ मध्ये, तर कर्जत तालुक्यात भिवपुरी येथे १९२२ मध्ये सुरू झाली होती. घाटमाथ्यावरील तलावांचे पाणी कोकणात उतरवून तयार होणारी ही वीज मनोऱ्यांवरील तारांनी मुंबईस जाई. युद्धोत्पादनाच्या साखळीतील हा सर्वांत उघडा दुवा होय. १९४२ च्या उत्तरार्धात विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल यांच्या आझाद दस्त्याने नेमके हेच मनोरे पाडून मुंबईच्या कारखान्यांचा वीजपुरवठा तोडण्याचे प्रयत्न केले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या परिसरात पोलिसांच्या गोळीबारात कोतवाल व हिराजी पाटील यांना वीरमरण आले. गिरणीमालकांना आज्ञा देणारे शासन रानातून गेलेल्या तारांचे रक्षण मात्र पुरतेपणी करू शकले नाही.

लष्करी मागणी, बंद पडलेली जपानी आयात व चलनवाढ यांमुळे १९४३ च्या मध्यास कापडाच्या किंमती युद्धपूर्व पातळीच्या सुमारे पाचपट झाल्या. तेव्हा कोठे जूनमध्ये सुती कापड व सूत नियंत्रण आदेश निघाला. कमाल किंमती ठरल्या, त्या कापडावर छापणे सक्तीचे झाले, साठेबाजीस मर्यादा पडली. सल्ल्यासाठी नेमलेल्या मंडळाचे अध्यक्ष कृष्णराज ठाकरसी हे स्वतः गिरणीमालक होते. उत्पादनखर्चाची माहिती मालकांपाशीच असल्याने त्यांचे सहकार्य अपरिहार्य होते. पण ठरविलेल्या किंमतींत गिरण्यांना भरघोस नफा सुटतो, ही टीका त्यामुळेच टळली नाही. किंमती उतरल्या हे खरे. तथापि गिरणीबाहेर पडलेल्या मालावरील देखरेख ढिली राहून काळा बाजार फोफावला.

सप्टेंबर १९४६ अखेर भारत संरक्षण नियम संपुष्टात आले, तरी अत्यावश्यक पुरवठ्याच्या नव्या कायद्याने नियंत्रण पुढे चालू राहिले. जानेवारी १९४८ मध्ये कापडावरील नियंत्रण उठविताच किंमती भडकल्या आणि त्याच वर्षी ते पुन्हा लागू करावे लागले.