पंखा थांबला, काटा चढला
जुन्या मोटारीचा रेडिएटर फॅन बिघडल्यास दोष कसा शोधावा?

मराठवाड्यात पारा चाळिशी ओलांडू लागला, की जुन्या मोटारी तापण्याच्या तक्रारी वाढतात. धाराशिवहून (पूर्वीचे उस्मानाबाद) बेंबळीकडे निघालेली एखादी जुनी मारुती ८०० मोकळ्या रस्त्यावर निमूट धावते. मात्र गावातल्या बाजाराच्या गर्दीत किंवा गळीत हंगामात उसाच्या ट्रॉलीमागे ती रखडली, की तापमानाचा काटा लाल खुणेकडे सरकू लागतो. यामागे पुष्कळदा एकच कारण असते. रेडिएटरमागचा विजेचा पंखा सुरूच होत नाही. सुटीत जुनी गाडी घेऊन गावाकडे जाणाऱ्या शहरवासीयांनी हा दोष ओळखण्याची पद्धत माहीत करून घेणे हिताचे आहे.

पंखा विजेवर का?
अ‍ॅम्बॅसडर, प्रीमियर पद्मिनी या गाड्यांत इंजिनाच्या पट्ट्यावरच पंखा फिरत असे. डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० मध्ये इंजिन आडवे बसवलेले होते. अशा रचनेत रेडिएटरसमोर पट्ट्यावरचा पंखा बसवणे अवघड असते, म्हणून तेथे विजेचा पंखा आला. या गाडीचे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले, तरी अनेक गावांत ती अजून वापरात आहे.

गाडी वेगात असताना समोरचा वाराच रेडिएटर थंड ठेवतो. पंख्याची गरज भासते ती गाडी थांबल्यावर किंवा संथ चालत असताना. त्यामुळे पहिली पारख सोपी आहे. गाडी उभी असतानाच तापत असेल तर संशय पंख्यावर घ्यावा. वेगातही तापत असेल तर कूलंटची गळती, अडकलेला थर्मोस्टॅट, वॉटर पंप किंवा क्षाराने तुंबलेला रेडिएटर यांचा विचार करावा. बोअरचे जड पाणी वर्षानुवर्षे ओतल्याने क्षार साचतात, हे विसरू नये.

तपासणीचा क्रम
इंजिन बंद करून पूर्ण थंड होऊ द्यावे. रेडिएटरचे झाकण गरम असताना कधीही उघडू नये. आतील पाणी दाबाखाली असल्याने ते शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळलेले नसते. झाकण सैल होताच वाफेचा फवारा तोंडावर येतो. काही गाड्यांत इग्निशन बंद असतानाही पंखा अचानक फिरतो, म्हणून बोटे पात्यांपासून दूर ठेवावीत. पात्यांना हात लावण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार सोडवावी.

१) कूलंटची पातळी : पाणी कमी असल्यास थर्मोस्विचभोवती हवा अडकते. त्याला खरे तापमान कळत नाही आणि निर्दोष पंखाही सुरू होत नाही.

२) फ्यूज : उडालेला फ्यूज तेवढ्याच अँपिअरचा बदलावा. त्याऐवजी तार गुंडाळणे म्हणजे आगीला निमंत्रण होय. नवा फ्यूजही लगेच उडाला तर मोटर जाम आहे किंवा वायर कोठेतरी शॉर्ट झाली आहे.

३) मोटर : तार सोडवलेली असताना पाते हाताने फिरवून पाहावे. ते सहज फिरले पाहिजे. मग तार पुन्हा जोडावी, मोटरचा कनेक्टर काढावा आणि फ्यूज असलेल्या वायरने मोटरला बॅटरीचा थेट पुरवठा द्यावा. पंखा फिरला तर मोटर ठीक आहे. न फिरल्यास कार्बन ब्रश झिजले असावेत किंवा मोटर जळाली असावी.

४) थर्मोस्विच : जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत हा स्विच ठरावीक तापमानाला मंडल जोडतो. इग्निशन चालू करून त्याच्या दोन वायर एकमेकींना जोडाव्यात. एकच वायर असल्यास ती बॉडीला टेकवावी. पंखा सुरू झाला तर स्विच बदलावा. एमपीएफआय गाड्यांत मात्र सेन्सरच्या वायर अशा जोडू नयेत. तेथे आज्ञा संगणक देतो आणि चुकीची जोडणी महागात पडते.

५) रिले आणि अर्थ : रिले असल्यास त्याच प्रकारचा दुसरा लावून पाहावा. गंजलेला अर्थ हा जुन्या गाड्यांचा नेहमीचा दोष आहे. त्यामुळे पंखा फिरतो, पण मंद फिरतो. अर्थाची जागा घासून बोल्ट घट्ट करावा.

मोटर नुकतीच बदलली असेल तर वाऱ्याची दिशाही पाहावी. वायर उलट जोडल्यास पंखा उलटा फिरतो. रेडिएटरमागे बसवलेला पंखा चालू असताना जाळीसमोर धरलेला कागद आत ओढला गेला पाहिजे.

वाटेत बिघाड झाल्यास
काटा चढू लागताच एसी बंद करावा. हीटर असल्यास तो पूर्ण चालू करावा, कारण इंजिनाची काही उष्णता त्यातून बाहेर पडते. काटा खाली न आल्यास सावलीत थांबून इंजिन बंद करावे. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नये. धातूला तडा जाऊ शकतो.

गॅरेजमध्ये अशा वेळी पंखा ‘डायरेक्ट’ करून देण्याचा सल्ला हमखास मिळतो. घरी पोहोचण्यापुरता, फ्यूज ठेवून, तो उपाय योग्य आहे. कायमचा मात्र नव्हे. सतत फिरणारी मोटर लवकर झिजते आणि अल्टरनेटरवरील भार वाढतो. डॅशबोर्डवर बटण बसवले, तर ते दाबायला विसरण्याचा एक दिवस येतोच. ‘थर्मोस्टॅट काढून टाका’ हा सल्लाही तसाच. त्याने इंजिन योग्य तापमानाला उशिरा पोहोचते आणि पेट्रोल जास्त लागते.

फ्यूज, रिले किंवा स्विच यांचा खर्च किरकोळ असतो. अति तापल्याने अ‍ॅल्युमिनियमचे हेड वाकले आणि गॅस्केट गेले, की इंजिन खोलावे लागते. जुन्या गाडीच्या बाबतीत तो खर्च गाडीच्या किमतीशीच स्पर्धा करू लागतो. म्हणून उन्हाळ्यातील प्रवासापूर्वी गाडी दारात उभी ठेवून इंजिन चालू ठेवावे आणि पंखा आपोआप सुरू होऊन बंद होतो का, हे एकदा पाहावे. या तपासणीला थोडाच वेळ लागतो आणि पैसा लागत नाही.