चौक लिहिणाऱ्या बाया

प्रदर्शनी म्हटलं की आपल्या हिंगोलीकरांना दसऱ्यातलं रामलीला मैदान आठवतं. आकाशपाळणे, भजी, धूळ आणि गर्दीत हरवलेलं एखादं लेकरू. आज आम्ही बोलणार आहोत ते प्रदर्शन मात्र फार लहान होतं.

मुंबईत काळा घोड्याजवळ जहांगीर आर्ट गॅलरी आहे, १९५२ साली सुरू झालेली. तिच्याच पहिल्या मजल्यावर १९६३ मध्ये केकू आणि खुर्शीद गांधी या नवराबायकोनं केमोल्ड नावाची छोटी गॅलरी काढली. हुसेन यांच्यासारख्या नव्या चित्रकारांची चित्रं तिथं लागायची. १९७५ मध्ये तिथं डहाणू भागातली वारली चित्रं लागली. शेणामातीच्या रंगावर तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ. जिव्या सोमा मशे हे नाव शहराला कळलं. पुढच्याच वर्षी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ मध्ये पद्मश्री. माणूस मोठाच होता. लहानपणी आई गेली तेव्हा बोलणं सोडून ते मातीत रेघा ओढत बसायचे, असं सांगतात.

पण ही चित्रं मुळात कोणाची?

वारल्यांच्या लग्नात घराच्या भिंतीवर चौक काढल्याशिवाय लग्न लागत नाही. चौकोनात पालघट देवी असते. तो चौक काढायचा मान सवाशिणींचा. बांबूच्या काडीचं टोक चावून मऊ करायचं, पिठात बुडवायचं, आणि चारपाच जणींनी मिळून काम उरकायचं. त्या 'चौक काढला' असं म्हणत नाहीत, 'चौक लिहिला' म्हणतात. सोबत धवलेरी गाणी म्हणते, आणि ही धवलेरी बहुतेक विधवा असते. आपल्याकडं हळदीकुंकवाला जिला मागं बसवतात, तिच्यावाचून तिथं लग्न अडतं. हे ऐकून आम्ही जरा गप्पच झालो होतो.

या चित्रांसाठी कागद घेऊन पाड्यावर गेले ते भास्कर कुलकर्णी, स्वतः चित्रकार. बाया लाजल्या, कागदाला हात लावेनात, असं सांगितलं जातं. मशे मात्र लग्नकार्य नसतानाही रोज चित्रं काढायचे. त्यांनी कागद घेतला. पुढं पाड्यावरचे पुरुष शिकले, आणि विकत गेलेल्या चित्रांवर बहुतेक नावं त्यांचीच आली.

आता गंमत पाहा. हेच कुलकर्णी त्याआधी, १९६६-६७ च्या दुष्काळात, पुपुल जयकर यांच्या सांगण्यावरून बिहारमध्ये मधुबनीला गेले होते. तिथंही भिंतीवरची लग्नाची चित्रं बायकाच काढत, आणि त्याही 'लिहिणं' असंच म्हणत. तिथल्या बायकांनी मात्र कागद घेतला. जगदंबा देवींना १९७५ मध्येच पद्मश्री मिळाली, नंतर सीता देवींना. माणूस तोच, कागदही तसाच. मग एकीकडं बायकांची नावं झाली आणि दुसरीकडं नाही, हे नुसतं लाजेचं काम आहे असं आम्हाला वाटत नाही. घरात बसून चित्र काढलं आणि दारात पैसा आला, तर बाई काढते. चित्र घेऊन मुंबई गाठायची म्हटलं की पिशवी नवऱ्याच्या हातात जाते. बाजाराला पापड कोण नेतं आणि पैसे कोण मोजतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

आपल्या जिल्ह्यातल्या तांड्यांवर बंजारा बायांचं आरशांचं, कवड्यांचं भरतकाम आहे. स्टॉलवर ते 'बंजारा कला' म्हणून लागतं. कोणी केलं, ते कुठंच लिहिलेलं नसतं.

यंदा आमच्या ओळखीच्या गटात प्रत्येक कापडाला करणारीचं नाव टाचायचं ठरलं. दोघी जणी नको म्हणाल्या. एकीनं आरसे लावले, दुसरीनं कड भरली, कवड्या सासूनं ओवल्या, मग नाव कोणाचं टाचायचं? शेवटी चिठ्ठी मोठी कापली आणि तिन्ही नावं लिहिली. सासूबाईंचं नाव विचारलं तर सून अडखळली. तिला ते म्हातारीलाच विचारून यावं लागलं.