कापूस, पीठ आणि ठिणगी : आगीच्या धोक्याचा अंदाज माणूस कसा शिकला

दोंडाईच्यात बसून या विषयावर बोलायला वेगळं निमित्त शोधावं लागत नाही. आपल्याकडे कापूस आहे, जिनिंग आहे, मिरचीचा बाजार आहे, मक्यापासून स्टार्च काढणारा कारखाना आहे. आणि तापी ओलांडली की शिरपूर. ३१ ऑगस्ट २०१९ च्या सकाळी तिथल्या वाघाडीजवळच्या रसायन कारखान्यात स्फोट झाला आणि डझनाहून अधिक माणसं गेली. आपल्यापैकी अनेकांना तो दिवस आठवत असेल.

अशा वेळी आपण म्हणतो, ‘नशीब!’ इतिहास मात्र वेगळं सांगतो.

सुरुवात पिठापासून करू. १४ डिसेंबर १७८५ रोजी इटलीतल्या तुरीन शहरात एका बेकरीच्या पिठाच्या कोठारात स्फोट झाला. एक पोरगा दिव्याच्या उजेडात पीठ उपसत होता. काउंट मोरोझ्झो यांनी त्याची चौकशी करून लेख लिहिला. त्यांचं निरीक्षण असं, की कित्येक महिने पाऊस नव्हता, त्यामुळे पीठ नेहमीपेक्षा कोरडं होतं. ते धुरळ्यासारखं उडालं आणि दिव्यावर पेटलं.

आता हे नीट समजून घ्या. पिठाच्या ढिगाला काडी लावली तर तो फारसा पेटत नाही. तेच पीठ हवेत उडालं की प्रत्येक कणाला चहूबाजूंनी हवा मिळते आणि सगळे कण जवळजवळ एकदम जळतात. पहिला स्फोट लहान असतो. त्याच्या हादऱ्याने तुळयांवर, पत्र्यांवर साचलेली धूळ खाली येते आणि दुसरा, मोठा स्फोट होतो. म्हणून स्टार्च असो की साखर, धूळ झाडणं हे नुसतं स्वच्छतेचं काम नाही, जीव वाचवण्याचं काम आहे.

दुसरी गोष्ट कापसाची. १४ एप्रिल १९४४. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाज उभं होतं. त्यात सुमारे १,४०० टन स्फोटकं होती आणि कराचीला चढवलेल्या कापसाच्या हजारो गाठी. एकाच भागात खाली कापूस, वर स्फोटकं! दुपारी धूर दिसला. पाणी मारलं, पण गाठ आतल्या आत धुमसते, वरचं पाणी तिथवर पोचत नाही, हे जिनिंगवाल्याला सांगायला नको. जहाज बुडवायचं की बाहेर न्यायचं, याचा निर्णय कुणी घेतला नाही. चारनंतर दोन प्रचंड स्फोट झाले. शेकडो माणसं मेली, त्यांत ६६ अग्निशामक जवान होते. १४ एप्रिलपासून आपण अग्निशमन सप्ताह पाळतो, तो त्यांच्या स्मरणार्थ.

कापूस पेटतो हे कुणाला माहीत नव्हतं? स्फोटकं फुटतात हे कुणाला माहीत नव्हतं? दोन्ही माहीत होतं. दोन्ही एकत्र ठेवलं तर काय, हा प्रश्न वेळेवर निर्णायकपणे विचारला गेला नाही. धोक्याचं मूल्यमापन म्हणतात ते हेच. पेटणारं काय आहे? ठिणगी कुठून येईल? आणि त्या वेळी जवळ कोण असेल?

१९४८ च्या कारखाना कायद्यातलं कलम ३७ या प्रश्नांचीच उत्तरं मागत होतं : धूळ, वायू, वाफ कोंडून ठेवा, साचू देऊ नका, ठिणगीचं कारण दूर ठेवा. पुढे १९८४ मध्ये भोपाळ घडलं आणि १९८७ च्या दुरुस्तीने धोकादायक प्रक्रियांचं स्वतंत्र प्रकरण आलं. मालकाने धोक्याची माहिती कामगारांना आणि आसपासच्या लोकांना द्यायची. आणि जिवाला धोका दिसला, तर कामगाराला तो थेट व्यवस्थापनाच्या नजरेस आणून देण्याचा, निरीक्षकाला कळवण्याचा हक्क मिळाला.

हा हक्क माझ्या मते सगळ्यांत मोलाचा आहे. कारण धूर, वास, तापलेलं बेअरिंग आधी दिसतं ते मशिनवरच्या माणसाला, ऑफिसातल्या फायलीला नाही. पण रोजंदारीवरचा माणूस बोलेल कसा? उद्या कामावर घेतलं नाही तर? ज्या कारखान्यात हा प्रश्न माणसाला गप्प करतो, तिथला कागदावरचा अंदाज कितीही सुंदर असो, खोटाच.

म्हणून घरी गेल्यावर एवढं करा. कारखान्यात जाणारा भाऊ, मुलगा, सून असेल, तर त्यांना विचारा : तुझ्याजवळ काय साठवलंय, आणि पळायचं कुठून? उत्तर आलं नाही, तर उद्या हाच प्रश्न तिथे विचारायला सांगा.