औषध, यकृत आणि कायदा

ताप उतरविणारी पॅरासिटॅमॉलची गोळी 1956 साली ब्रिटनमध्ये विक्रीस आली. योग्य मात्रेत ती सहसा निर्धोकच होय. परंतु तिच्या अतिसेवनाने यकृताचा नाश होतो, हे 1966 मध्ये तेथील वैद्यकीय लेखनात नमूद झाले. या औषधाचा काही अंश यकृतात एका घातक द्रव्यात पालटतो. ग्लुटाथायोन त्याला निष्प्रभ करते; मात्रा फार वाढली म्हणजे तो साठा सरतो आणि पेशी मरू लागतात. अ‍ॅसिटिलसिस्टीन वेळेवर दिल्यास साठा पुन्हा भरून येतो. उशीर झालेल्या काही रोग्यांना मात्र नव्या यकृतावाचून तरणोपाय उरत नाही.

ही विद्या सहजासहजी साधली नाही. डॉ. थॉमस स्टार्झल यांनी 1963 मध्ये डेन्व्हर येथे केलेल्या पहिल्या यकृतरोपणात रोगी दगावला. रोपणानंतर वर्षाहून अधिक जगलेला रोगी त्यांना 1967 मध्ये लाभला.

हात तयार झाला, तरी निवाड्याचा प्रश्न उरलाच. यकृत स्वतः पुन्हा वाढणारे इंद्रिय आहे. जो आपोआप बरा होणार त्याचे यकृत काढणे हा अन्याय. जो वाचणार नाही त्याला ताटकळत ठेवणे हाही अन्यायच. लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयातील वैद्यांनी 1989 मध्ये त्यासाठी निकष घालून दिले: रक्ताची आम्लता, रक्त गोठण्यातील विलंब, मूत्रपिंडांचे कार्य आणि रोग्याची शुद्ध. आम्हां वकिलांच्या भाषेत हा पुराव्याचा कायदाच म्हणावयाचा.

पण मृताचे यकृत घ्यावयाचे, तर मेंदूचा मृत्यू हा मृत्यूच होय असे खऱ्याखुऱ्या कायद्यानेही मानावे लागते. भारतात 1994 च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने ते मानले. 1995 मध्ये तो अंमलात आला, तेव्हा राज्यांपैकी गोवा, महाराष्ट्र व हिमाचल प्रदेश यांनाच तो प्रथम लागू झाला.

ब्रिटनने 1998 मध्ये आणखी एक साधा नियम केला: औषधालयात 32 आणि इतर दुकानांत 16 गोळ्यांहून मोठे पाकीट विकू नये. पुढील सुमारे अकरा वर्षांत या गोळीपायी यकृतरोपणासाठी होणाऱ्या नोंदी इंग्लंड व वेल्समध्ये अपेक्षेपेक्षा 61 टक्क्यांनी कमी झाल्याचे अभ्यासकांना आढळले. सारे श्रेय पाकिटालाच देणे धाडसाचे ठरेल. तथापि संकटाच्या घटकेला हाताशी किती गोळ्या आहेत, यावर एखाद्याचे आयुष्य अवलंबून असते, हे नाकारता येत नाही. शल्यविशारदाच्या कौशल्याला वंदन करावेच. पण ज्याच्यावर शस्त्र धरण्याची वेळच आली नाही, त्याचे यकृत अशा एखाद्या लहानशा कलमानेही राखलेले असते.